टाटा ४०७ च्या केबिनच्या टपाला पोचा पडला आहे आणि तो गंजलाही आहे : पत्रा बदलावा की ठिगळ लावावे?

परळचा मंडपवाला

सर्वांना नमस्कार. आमचा परळला मंडप-सजावटीचा जुना व्यवसाय आहे आणि २००७ सालची टाटा ४०७ आम्ही पहिल्या दिवसापासून वापरत आहोत. इंजिन, गिअरबॉक्स आणि चॅसिस यांबाबत काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती केबिनची, आणि तीही मुख्यतः टपाची. गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस गाडी रस्त्याच्या कडेला उभी असताना गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी केबिनवर कोसळली. दर्शनी काच वाचली, परंतु टपाच्या मध्यापासून क्लीनरच्या बाजूपर्यंत परातीएवढा पोचा पडला, आणि त्याच्या एका कडेला पत्र्याची घडी होऊन रंग तडकला. गणपतीच्या मंडपांची कामे अंगावर घेतलेली असल्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलली, केबिनवर निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधली आणि सगळा पावसाळा तसाच काढला.

ऑक्टोबरमध्ये ताडपत्री सोडली तेव्हा पोच्याच्या भोवती रंगाला फोड आलेले दिसले. त्यांतील दोन फोड नखाने खरवडले, तर खाली पत्रा असा उरलेलाच नव्हता. दोन्ही दारांच्या वर जी पन्हळ आहे तिच्या सांधेत तपकिरी रेघ धरली आहे, दर्शनी काचेच्या रबराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून गंजाचे ओघळ आले आहेत, आतील रेक्झिनच्या अस्तराला ओल आली आहे आणि क्लीनरच्या पायाशी पाणी साचते. पाणी येते ते या पोच्यातून, असा माझा समज आहे.

दोन गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. एकाचे म्हणणे असे की टप पूर्ण कापून नवा पत्रा घालावा लागेल आणि गाडी पंधरा दिवस उभी राहील. दुसऱ्याने ठोकून, लांबी (पुटी) भरून, दोन दिवसांत रंगवून देण्याची तयारी दाखवली, आणि त्याची रक्कम पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. गाडी अजून पाच-सहा वर्षे वापरायची आहे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी काम उरकायचे आहे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि काम चालू असताना मी स्वतः कशावर लक्ष ठेवावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.


कुर्ल्याचा डेंटर

मंडपवाले दादा, मी तीस वर्षांहून अधिक काळ पत्र्याचे काम केले आहे आणि आता हात थरथरतो म्हणून फक्त मुलांकडून करून घेतो. आपण दोघांपैकी कोणाचे ऐकावे असे विचारले आहे. माझे मत असे की आज कोणाचेच ऐकू नये, कारण दोघांनीही अस्तर न काढता भाव सांगितला आहे. टपाचे खरे दुखणे आतून दिसते. अस्तर, आतला दिवा, सन-वायझर आणि दोन्ही दारांची वरची रबरे काढा, म्हणजे टपाला आतून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि पन्हळीची आतली बाजू उघडी पडेल. मग बोथट स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक तपकिरी जागी टोचून पाहा. जिथे टोक थांबते तिथे पत्रा आहे, जिथे रुतते तिथे केवळ रंग आणि गंज आहे. रुतलेल्या जागांभोवती खडूने रेघ मारा, आणि मगच कापायचे किती ते ठरवा. वरून साधे लोहचुंबकही फिरवावे, कारण इतक्या वर्षांत कोणी आधीच लांबी भरलेली असेल तर तिथे चुंबक धरणार नाही.

आता पोच्याविषयी. पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने तो काढायचा असतो. फांदी आधी मध्यभागी बसली आणि घडी शेवटी पडली, म्हणून आधी घडी सोडवायची, मग मध्य. अनेक जण केबिनमध्ये जॅक उभा करून मध्यालाच एकदम वर रेटतात. त्यामुळे मध्य वर येतो, पण घडी तशीच कडक राहते आणि पत्रा दोन्हींच्या मध्ये ताणला जातो. जॅक लावायचाच असेल तर खाली आसनाच्या सांगाड्यावर रुंद फळी, वर गोणपाट गुंडाळलेला लाकडी ठोकळा, आणि रेटा इतकाच की पत्रा किंचित तणावाखाली राहील. त्या तणावात बाहेरून लाकडी मोगरीने घडीच्या कडेवर हलके ठोके मारत गेले की पत्रा आपसूक आपल्या जागी येऊ लागतो. उरलेले काम हातोडी आणि डॉलीचे, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याचे.

पत्रा ताणला गेला असेल तर तो दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टक्‌टक्‌ वाजतो. आम्ही त्याला ‘पत्रा बोलतो’ असे म्हणतो. बोलणाऱ्या पत्र्यावर कितीही लांबी भरली तरी गाडी खड्ड्यातून गेली की ती तडकणारच. त्यासाठी नाण्याएवढी जागा गॅसच्या बारीक ज्योतीने मंद लाल होईपर्यंत तापवायची, भोवताली दोन-चार ठोके मारायचे आणि ओल्या फडक्याने थंड करायची, म्हणजे तेवढा पत्रा आकसतो. एका वेळी एकच ठिपका. ही कला ज्याच्या हातात आहे तो डेंटर शोधा, आणि ओळखायचे कसे, तर त्याला ‘पत्रा बोलला तर काय करता?’ एवढेच विचारा. लांबीचा डबा दाखवणाऱ्याकडून उठून यावे.

पूर्ण टप कापण्याच्या मी विरोधात आहे, निदान आज तरी. टपाचा पत्रा पन्हळीच्या सांधेत ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेला असतो. तो नीट सोडवायचा तर प्रत्येक ठिपका ड्रिलने उघडावा लागतो. इतका संयम फार थोड्यांकडे आहे, बाकीचे ग्राइंडरने सरळ कापतात आणि मग नवा पत्रा जुन्या पत्र्यावर चढवून बसवतात. तसे केले की पाणी अडकायला एक नवी खोबण तयार होते. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर भंगारात निघालेल्या केबिनचा टप मिळू शकतो, पण तो घेताना त्याची पन्हळ आधी तपासा, कारण त्या गाडीनेही पावसाळे काढलेलेच असतात आणि तीही बहुधा त्याच सांधेत सडलेली असते.

ठिगळ लावायचे तर मूळ पत्र्याच्या जाडीचेच लावावे. आपल्याकडे साधारण २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा, कोल्ड रोल्ड पत्रा या कामाला घेतात. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. जोड शक्य तिथे कडेला कड भिडवून घ्यावा. पत्र्यावर पत्रा चढवावाच लागला तर कौले चढवतात तसा, वरच्या उताराचा पत्रा वर आणि खालच्या उताराचा खाली. वेल्डिंग मिगचे, म्हणजे वायूच्या आवरणात बारीक तार सोडत जाणारे, तार ०.८ मिलिमीटरची, आणि सलग रेघ न ओढता एक टाका इथे तर पुढचा वीतभर लांब, मधे थंड होऊ द्यायचे. साध्या रॉडच्या वेल्डिंगला टपाच्या पत्र्याजवळही येऊ देऊ नका, त्याने भोके मिटण्याऐवजी वाढतात. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा व आल्टरनेटरची जोडणी काढलेली आहे, अस्तर व वायर बाजूला केले आहेत, आणि पाण्याची बादली व ओले गोणपाट हाताशी आहे, हे आपण स्वतः डोळ्यांनी पाहा. केबिनला लागलेली आग मी एकदा पाहिली आहे. रेक्झिन आणि फोम पेटायला मिनिटही लागत नाही.


निवृत्त धातुतज्ज्ञ

वरील उत्तरातील कारागिरीच्या भागात मला भर घालण्यासारखे काही नाही. मी फक्त गंजाविषयी आणि ताडपत्रीविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नकर्त्यांचे सर्वांत मोठे नुकसान फांदीने नव्हे तर ताडपत्रीने केले आहे असे मला वाटते. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि उघड्या टपावर पडलेले पावसाचे पाणी निदान वाहून जाते व ऊन पडले की वाळते. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली ते वाळत नाही. दिवसा बाष्प होते, रात्री पुन्हा पत्र्यावर दव होऊन बसते, आणि तडकलेल्या रंगाच्या कडेतून आत शिरते. त्यात मुंबईच्या हवेतील समुद्राचे मीठ मिसळले की त्या पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि गंजण्याची क्रिया अधिक वेगाने चालते. मीठ स्वतः हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे वरवर कोरडा दिसणारा पत्राही प्रत्यक्षात ओला असू शकतो. परळ हे शिवडीच्या खाडीपासून काही फार लांब नाही.

पन्हळीच्या सांधेत दिसणारी तपकिरी रेघ मला पोच्याहून अधिक चिंतेची वाटते. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्यासारखा दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून दूर रेटतो. फट रुंदावते, अधिक पाणी शिरते, अधिक गंज होतो. म्हणून सांधेवर वरून सीलंट चोपडणे म्हणजे ओल आत कोंडून दार लावून घेणे होय. जुने सीलंट पूर्ण खरवडून काढावे, सांध तारेच्या ब्रशने आणि दाबाच्या हवेने साफ करावी, आणि शक्य असल्यास रेती मारून (दाबाच्या हवेने रेतीचा झोत सोडून) घ्यावी. मात्र टपाच्या पातळ, सपाट पत्र्यावर मोठ्या दाबाने रेती मारली तर तो वाकडा होतो, हे त्या कारागिराला आधी सांगून ठेवावे.

गंज-रूपांतरक म्हणून बाजारात जी द्रव्ये मिळतात त्यांत बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. ती चिकटून बसलेल्या पातळ गंजाचे काळसर, स्थिर संयुगात रूपांतर करतात, हे खरे आहे; परंतु पापुद्रे सुटलेल्या जाड गंजाच्या तळापर्यंत ती पोहोचत नाहीत, आणि भोक पडलेल्या पत्र्याला तर त्यांचा काहीच उपयोग नाही. त्यातही फॉस्फोरिक आम्लाचा अंश पत्र्यावर राहिला तर त्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा संरक्षक थर, नीट धरत नाही. म्हणून डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन, पूर्ण वाळवून, मगच पुढे जावे.

क्रमाविषयी एक आग्रहाचे सांगणे आहे. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, आणि तीही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही, असा क्रम ठेवावा. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्यासारखी भुकटी असते आणि ती ओल शोषते. थेट पत्र्यावर भरलेली लांबी पावसाळ्यात ओली होऊन खालून पत्रा खात राहते, आणि वरचा रंग मात्र वर्षभर चकाकत असतो. सांधेत भरायचे सीलंट पॉलियुरेथेनचे असावे आणि तेही प्रायमरवरच भरावे. हार्डवेअरच्या दुकानातील जे सिलिकॉन उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो ते कदापि वापरू नये. वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते व ते पत्र्याला खाते, शिवाय त्यावर रंगही बसत नाही.

काम शक्यतो फेब्रुवारीअखेर उरकावे. मे महिन्यात मुंबईची हवा इतकी दमट होते की घासून चकचकीत केलेला पत्रा दुपारच्या जेवणापर्यंत पिवळसर पडलेला मी पाहिला आहे. घासल्यानंतर त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे, ही अट कारागिराशी बोलतानाच घालून घ्या.


भांडुपचा टेम्पोवाला

दोन्ही ज्येष्ठांचे म्हणणे शिरसावंद्य मानूनही व्यवहाराची बाजू मांडतो. माझ्याकडेही ४०७ होती. सहा वर्षांपूर्वी मी टपाच्या भोकांवर फायबरची जाळी आणि रेझिन लावून घेतले होते, वेल्डिंग नाही, कापाकापी नाही, एका रविवारात काम झाले आणि अगदी थोड्या पैशांत. दोन पावसाळे एक थेंब आत आला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात फायबरचा तुकडा कडेने उचलला गेला आणि खाली पाहिले तर मूठभर गंज निघाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तोवर गाडी विकायचीच होती, म्हणून मला ते परवडले. आपल्याला पाच-सहा वर्षे गाडी ठेवायची आहे, तेव्हा माझा मार्ग आपल्यासाठी नाही; परंतु ज्यांना एक-दोन हंगामच काढायचे आहेत त्यांनी पूर्ण दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही, असे माझे मत कायम आहे.

एक व्यवहारी सूचना. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, तेव्हा त्या तारखेच्या आधी महिनाभर काम पूर्ण होईल असे पाहा. रंग बदलणार असाल तर आर.सी. पुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी लागते; तोच रंग ठेवला तर ती कटकट नाही.


कुर्ल्याचा डेंटर

भांडुपकरांनी तिसऱ्या पावसाळ्याची गोष्ट लपवली नाही, याबद्दल त्यांचे आभार. फायबर लावून देणारे सहसा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचीच गोष्ट सांगतात.

मंडपवाले दादा, एक विचारायचे राहिले. आपण मंडपवाले, म्हणजे केबिनच्या वर बांबू जात असणार. टपावर कॅरियर आहे का, आणि दर्शनी काचेवर पत्र्याचा छज्जा बसवलेला आहे का? असल्यास ते कशाने बसवले आहेत ते पाहा. आणि पाणी कुठून येते याविषयी अंदाज करू नका, परीक्षा घ्या. अस्तर काढल्यावर आतल्या बाजूने पन्हळीलगत आणि काचेच्या वर खडूची पूड किंवा रांगोळी चोळा, एकाला आत टॉर्च घेऊन बसवा, आणि बाहेरून पाइपने बारीक धार सोडा. धार खालून वर न्यायची, आधी काचेचे रबर, मग पन्हळ, मग टप, आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबायचे. वरूनच सुरुवात केली तर सगळीकडे एकदमच ओले होते आणि काहीच कळत नाही.


परळचा मंडपवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या रविवारी अस्तर काढले आणि सांगितल्याप्रमाणे परीक्षा घेतली. धाकटा भाऊ टॉर्च घेऊन आत बसला, मी पाइप धरला. काचेच्या रबराला पंधरा मिनिटे धार दिली, काही नाही. क्लीनरच्या बाजूच्या पन्हळीतून मागच्या टोकाशी दोन थेंब आले. पोच्यावर पाणी ओतले तेव्हा ते तिथे तळ्यासारखे साचले, पण पोच्यातून आत एक थेंब आला नाही, याचे मला फार आश्चर्य वाटले. मग साचलेले पाणी पुढच्या बाजूने उतू जाऊ लागले, छज्जाच्या मागे शिरले, आणि भाऊ आतून ओरडला. छज्जा काढला. तो पाच स्क्रूंनी थेट टपाच्या पत्र्यात बसवलेला होता, त्यांतील डावीकडचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते आणि त्यांची भोके बोराएवढी झाली होती. पाणी तिथून आत शिरून काचेच्या चौकटीच्या पोकळीतून डाव्या खांबाने खाली उतरते आणि क्लीनरच्या पायाशी निघते. तो छज्जा गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्हीच हौसेने बसवून घेतला होता.

स्क्रू-ड्रायव्हर रुतला तो एकूण चार जागी : छज्जाची दोन भोके, पोच्याच्या घडीलगत तळहाताएवढी जागा, आणि क्लीनरच्या बाजूच्या पन्हळीची मागची वीतभर लांबी. बाकी टप आतून घट्ट आहे, आडव्या पट्ट्यांपैकी एक किंचित वाकली आहे. कॅरियरचे बोल्ट मागच्या हौद्याच्या चौकटीला आहेत, टपाला नाहीत.


कुर्ल्याचा डेंटर

मग टप कापण्याचा विषय संपला. पोच्याने पाण्याची वाट बदलली. पूर्वी टपावरचे पाणी दोन्ही बाजूंच्या पन्हळीत पडत होते, आता ते तळ्यात साचून पुढे छज्जाकडे जाते. म्हणून नुसती भोके बुजवून भागणार नाही, टपाचा मूळ फुगवटा परत आला पाहिजे. तो आला की नाही हे रंगापूर्वीच पाहायचे. टपाच्या मध्यावर तांब्याभर पाणी ओता, ते दोन्हीकडे वाहून गेले पाहिजे.

काम या क्रमाने करून घ्या. आधी वाकलेली पट्टी सरळ, मग घडी, मग मध्य. त्यानंतर घडीलगतचा सडका भाग कापून ठिगळ, आणि पन्हळीच्या वीतभर भागाचे ठिपके उघडून तेवढीच सांध नवी. छज्जाच्या भोकांखाली तांब्याची पट्टी धरून ती मिगने भरून घ्यावीत. वेल्डिंगचा रस तांब्याला चिकटत नाही, त्यामुळे भोक सपाट भरते. वेल्डिंग झाले की आतल्या बाजूलाही प्रायमर लागलाच पाहिजे, कारण तिथला रंग उष्णतेने जळलेला असतो आणि अस्तर बसले की तो कोणाला दिसत नाही. डाव्या खांबाच्या पोकळीत इतकी वर्षे पाणी उतरले आहे, तेव्हा खांबाच्या तळाशी आणि फूटबोर्डच्या आतल्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहायचे राहू देऊ नका. तिथे पाणी निघायची भोके असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा आणि आत पोकळीत फवारायचे मेण मारून घ्या. टपापेक्षा तो खांब महत्त्वाचा आहे, दाराच्या बिजागऱ्या त्यालाच आहेत.


परळचा मंडपवाला

खांबाचा तळ टोचून पाहिला, पत्रा शाबूत आहे. निचऱ्याच्या भोकातून मात्र चहाचा पेला भरेल इतका काळा गाळ निघाला आणि त्यात गुलमोहराची बारीक पाने होती. सोमवारी गाडी देत आहे. पत्रा बोलला तर काय करता, हे विचारल्यावर ज्याने गॅसची नळी दाखवली त्याच्याकडेच देत आहे. आमचा छज्जा पुन्हा बसवायचा असेल तर कसा बसवावा?


कुर्ल्याचा डेंटर

बसवू नका. फारच हौस असेल तर पन्हळीला चिमटे लावून बसवा. टपाला ड्रिल लावू देऊ नका.